समुद्रतळाची चित्रे आणि अनुमानाची भाषा

ब्रूस हीझन व चार्ल्स हॉलिस्टर ह्यांचा ‘द फेस ऑफ द डीप’ हा ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. खोल समुद्राच्या तळाची छायाचित्रे जमवून त्यांवरून तेथील भूरूपे, प्राण्यांचे माग आणि तळप्रवाह ह्यांचा उलगडा करणारा हा ग्रंथ आपल्या विषयात मान्यता पावलेला आहे. खंडाच्या पायथ्याशी साचलेल्या गाळाला खोल प्रवाहच आकार देतात, असे ह्याच दोघांनी रडिमन ह्यांच्यासह १९६६ साली प्रतिपादन केले होते.

तथापि भाषेच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न पडतो. ह्या चित्रांत प्रवाह दिसतो काय? दिसतात ती गाळावरची तरंगचिन्हे आणि दगडांच्या आडोशाला धरलेला गाळ. प्रवाह हे त्यांवरून काढलेले अनुमान होय.

शहागडला गोदावरीचे पाणी ओसरले की उघड्या वाळूवर अशीच तरंगचिन्हे आढळतात. त्यांची एक बाजू मंद उताराची व दुसरी उभी असते. पाणी ज्या दिशेने गेले तिकडे उभी बाजू. येथे नदीची दिशा आधीच ठाऊक असल्याने अनुमान पडताळता येते. पण पाणी केव्हा वाहिले व किती काळ वाहिले, हे ती चिन्हे सांगत नाहीत. वाळू कोरडी पडली तरी चिन्ह मागे उरतेच.

म्हणूनच ग्रंथनामातील ‘चेहरा’ हे रूपक फसवे वाटते. चेहऱ्यावरचा भाव आपण वर्तमानातला समजतो. तळावरची खूण मात्र भूतकाळाची असू शकते. पुढे नोव्हा स्कोशियाच्या समुद्रात सुमारे ४,८०० मीटर खोलीवर प्रवाहमापके दीर्घकाळ ठेवण्यात आली. तेथील प्रवाह एकसारखा नसून मधूनमधून काही दिवस टिकणारी ‘वादळे’ उठतात, असे आढळले. १९८४ साली ह्या तळवादळांविषयी मॅकेव्ह ह्यांच्यासह लिहिणारे हॉलिस्टरच होते, ही गोष्ट त्यांच्या शास्त्रनिष्ठेची साक्ष देते.

मराठीत हा भेद क्रियापदानेच साधतो. मापकाने मोजला तर प्रवाह ‘वाहतो’. केवळ खूण दिसली तर तो ‘वाहिला असावा’. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आज गोव्यात दोना पावला येथे कार्य करीत आहे. तेव्हा हा विषय मराठी विद्यार्थ्याला दूरचा राहिलेला नाही. त्याने चित्राखाली ओळ लिहिताना ह्या दोन रूपांतील अंतर राखले पाहिजे. ‘असावा’च्या जागी ‘वाहतो’ लिहिले, की पुरावा न वाढताच विधान वाढते.