ताग्यावरचे तिकीट आणि खेळाचे थंबनेल : एका विक्रीचित्राची चिकित्सा

प्रास्ताविक

मध्य मुंबईतील नायगाव हा गिरणगावाचाच एक भाग. बी. डी. डी. चाळी आणि गं. द. आंबेकर मार्गावरील स्प्रिंग मिल या दोन खुणांनी या वस्तीची ओळख दीर्घकाळ घडवली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत गेले. संप, कामगार चळवळ आणि शाहिरी यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. गिरणीच्या मालावर चिकटवल्या जाणाऱ्या रंगीत कागदी तिकिटाकडे मात्र समीक्षेने क्वचितच पाहिले. स्वतंत्र निर्मात्यांच्या व्हिडिओ गेमसाठी ऑनलाइन दुकानात जे छोटे चित्र, म्हणजे थंबनेल, लावले जाते, त्याचा विचार या तिकिटाच्या आधारे करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वरवर हा विषय जाहिरातकलेचा वाटेल. वस्तुतः तो चित्राने दिलेल्या शब्दाचा आहे.

तिकीट : चित्राची पत

कापडाच्या ताग्यावर चित्रमय तिकीट लावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानच्या बाजारात रूढ केली. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही ती स्वीकारली. देवदेवता, राजे, हत्ती, वाघ अशी शिळाछापाची चित्रे त्यांवर असत. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, तेव्हा अशा रंगीत छापील चित्रांची आवड समाजात रुजत होती. मूळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला इंग्रजी नाव वाचता येत नव्हते. पण अमुक छापाचे कापड धुतल्यावर विटत नाही, हे त्याच्या लक्षात राहत असे. छाप म्हणजे मागील खरेदीची आठवण होती. म्हणूनच छापाची नक्कल हा गंभीर अपराध मानला गेला आणि १८८९ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्याने त्यास आळा घालण्याचा प्रयत्न झाला.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. गिरणीचा माल पुन्हा पुन्हा बाजारात येई. स्वतंत्र गेमनिर्मात्याचा खेळ बहुधा एकच आणि पहिलाच असतो. तिकीट अनुभवानंतर बोलत असे, थंबनेलला मात्र अनुभवापूर्वीच बोलावे लागते. त्याच्या मागे कोणतीही आठवण नाही. परिणामी त्याला उसनी पत घ्यावी लागते. ती पत खेळाच्या जातीच्या रूढ संकेतांकडून मिळते. कोडी, लढाई, भय किंवा शेती यांपैकी हा कोणता खेळ, हे पाहणाऱ्याला तत्काळ कळले पाहिजे. त्यानंतरच तो इतरांहून वेगळा का, हा प्रश्न उपस्थित होतो. बहुसंख्य थंबनेल या दोहोंपैकी एक टोक गाठतात. काही इतकी रूढ असतात की गर्दीत हरवतात; काही इतकी स्वतंत्र असतात की खेळ कसला, हेच समजत नाही.

आकाराचे शास्त्र

व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या दुकानात या चित्रास कॅप्सूल म्हणतात. २०१७ पासून शंभर डॉलर शुल्क भरून कोणासही तेथे खेळ ठेवता येतो. साहजिकच गर्दी वाढली असून २०२४ या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक खेळ तेथे प्रसिद्ध झाले. चित्र एकच असले तरी त्याची रूपे अनेक आहेत. लहान कॅप्सूलवरून १२० × ४५ पिक्सेलचे आणखी लहान रूप तयार होते. या आकारात पार्श्वभूमीवरील महाल, पाच पात्रे आणि सूर्यास्त यांचा चिखल होतो. तग धरते ती आकृतीची बाह्यरेषा, प्रकाश-छायेचा विरोध आणि मोठ्या अक्षरांतले नाव.

या बाबतीत मुंबईच्या सिनेमाफलकांचे रंगारी आपले पूर्वसूरी ठरतात. हिंदमाता किंवा भारतमाता चित्रपटगृहाजवळून बसने जाणाऱ्याला दुरूनच चेहरा आणि नाव कळले पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते. दुरून पाहिलेला प्रचंड फलक आणि हातातल्या पडद्यावरचे नखाएवढे चित्र डोळ्यात जवळजवळ सारखीच जागा व्यापतात. फलक रंगवणाऱ्याचे तपशील गाळण्याचे शहाणपण म्हणूनच येथेही उपयोगी पडते.

‘राजी’चे उदाहरण

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ मधील लोकवर्गणीची त्याची मोहीम लक्ष्यापर्यंत पोहोचली नव्हती. पुढे त्याच खेळास २०२० च्या गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळाले. अपहृत भाऊ गोलू याला शोधणारी बहीण राजी ही त्याची नायिका, आणि दुर्गेने दिलेले त्रिशूळ हे तिचे आयुध. दृश्यशैलीवर राजस्थानी वास्तुकलेचा आणि पहाडी लघुचित्रांचा प्रभाव आहे.

नेमका येथेच पेच उद्भवतो. लघुचित्र आकाराने लहान असले तरी ते हातात घेऊन, जवळून, निवांतपणे पाहावयाचे असते. थंबनेलवरून नजर क्षणार्धात सरकते. शिवाय खेळात कॅमेरा उंचावर आणि दूर असल्याने राजी विशाल वास्तूंमध्ये लहानशी दिसते. खेळातील हे सौंदर्य थंबनेलच्या दृष्टीने अडचणीचे आहे. खेळातलाच एखादा देखणा क्षण उचलून लावला, तर नायिका ठिपका होऊन जाईल. त्यामुळे त्रिशूळधारी नायिकेस पुढे आणणे हाच अशा खेळाचा व्यवहार्य मार्ग ठरतो. नावाची निवडही या दृष्टीने उत्तम आहे. रोमन लिपीतील चार अक्षरे १२० पिक्सेलांतही वाचता येतात. उपशीर्षक मात्र त्या आकारात वाचणे अशक्यच. त्याचा उपयोग मोठ्या रूपांपुरता उरतो.

तथापि एक प्रश्न शिल्लक राहतो. आयुध पुढे ठेवणारे चित्र प्रामुख्याने लढाईचे वचन देते. समीक्षकांनी या खेळाच्या दृश्यरूपाची मनापासून स्तुती केली. लढाईची हाताळणी आणि अचानक येणारा शेवट यांविषयी मात्र अनेकांनी नाराजी व्यक्त केली. खेळाचे हृदय बहीण-भावाच्या नात्यात आणि त्या रंगवलेल्या जगात आहे. चित्राने बाजाराला परिचित ते दाखवले की स्वतःजवळचे उत्तम ते दाखवले, असा हा प्रश्न आहे. यात निर्मात्यांना दोष देण्याचा हेतू नाही. भावाच्या शोधाला रूढ चिन्ह नाही, त्रिशुळाला आहे. अडचण चित्रकाराच्या हाताची नसून उपलब्ध संकेतांची आहे.

निष्कर्ष

चांगल्या थंबनेलची तीन कर्तव्ये संभवतात : दिसणे, ओळखू येणे आणि शब्द पाळणे. पहिली दोन कौशल्याने साधतात. चित्र १२० पिक्सेलांवर आणावे, इतर वीस चित्रांत ठेवावे, रंग काढून पाहावे आणि अनोळखी व्यक्तीला क्षणभर दाखवून ‘हा खेळ कसला?’ एवढेच विचारावे. ‘चित्र आवडले का?’ हा प्रश्न येथे गैरलागू आहे. तिसरे कर्तव्य अधिक कठीण आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने कॅप्सूलवर पुरस्कार, परीक्षणांतील गुण आणि सवलतीचा मजकूर लिहिण्यास मनाई केली. केवळ खेळाचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक यांना मुभा ठेवली. या नियमाने शब्दांची बढाई थांबली, चित्राची थांबलेली नाही. खेळात नसलेले वैभव थंबनेलमध्ये रंगवणे आजही सोपे आहे आणि यंत्रनिर्मित चित्रांमुळे ते अधिकच स्वस्त झाले आहे.

खोट्या चित्राने एकदा विक्री होते. पण पैसे परत मागणारा आणि तक्रार लिहिणारा ग्राहकही त्याच चित्राने मिळवलेला असतो. दोन-चार माणसांच्या संस्थेला, जिची सारी वर्षे एकाच खेळात गेली आहेत, हे नुकसान सोसत नाही. गिरणीचे तिकीट टिकले ते चित्र सुंदर होते एवढ्यामुळे नव्हे, आतले कापड चित्राशी इमान राखून होते म्हणून. आपल्या महाविद्यालयांतून संगणककला शिकवताना आकार आणि रंग यांच्या सोबत हा जुना बाजारी नियमही शिकवला जावा, एवढीच या विवेचनाची अपेक्षा आहे.