गृहत्यागाचे कारण आणि कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’

चार निमित्तांची कथा आशियाभर रूढ आहे. परभणी जिल्ह्यातील उपासकांनाही ती परिचित आहे. धर्मानंद कोसंबी सिंहलद्वीपात पाली शिकले, तरी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथात त्यांनी अट्ठकथेपेक्षा सुत्तालाच प्रमाण मानले. महापदानसुत्तात ही निमित्ते विपस्सी बुद्धाच्या चरित्रात येतात. अरियपरियेसनसुत्तातील गोतम रडत्या माता-पित्यांदेखत घर सोडतो. ही छाननी चोख आहे. रोहिणीच्या पाण्याचा तंटा हे कारण मात्र अनुमानच होय. अत्तदण्डसुत्तात रोहिणीचे नावही नाही, आणि अट्ठकथा तो तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा सांगते. प्रश्न गौण नव्हे. मरणभयाने घर सोडणे आणि युद्ध नाकारून सोडणे यांत धम्माचा अर्थच बदलतो. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा तंटा शाक्यसंघाच्या सभेपुढे येतो, मतदान होते, आणि बहुमताविरुद्ध उभा राहिलेला सिद्धार्थ परिव्रजा पत्करतो.