टपालकला आणि आपला पत्ता

पाश्चात्त्य कलेत ज्याला टपालकला म्हणतात त्या प्रकाराकडे मराठी समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. कार्डावर चित्र काढायचे, कात्रणे चिकटवायची, खोटी तिकिटे आणि शिक्के तयार करायचे आणि ओळखीच्या-अनोळखी माणसांना ते टपालाने धाडायचे. ज्याला मिळेल त्याने त्यात भर घालून पुढे पाठवायचे, असा हा खेळ. वरवर पाहता हे पोट भरलेल्यांचे उद्योग वाटतात. मलाही तसेच वाटले होते. परंतु दलित साहित्याचा विचार करणाऱ्याने हा विषय इतक्या सहज निकालात काढू नये, असे आता माझे मत झाले आहे.

न्यूयॉर्कचा रे जॉन्सन हा या चळवळीचा आद्य पुरुष. १९५०च्या दशकापासून तो अशी पत्रे पाठवीत होता. १९६२ साली एड प्लंकेट याने या मंडळींना 'न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल' हे नाव सुचवले. पत्रव्यवहार या अर्थाच्या त्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग मोडून जॉन्सनने त्यात 'डान्स' घुसवला. १९७० साली व्हिटनी संग्रहालयात या शाळेचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्याने स्वतःचे काही मांडले नाही. शंभराहून अधिक माणसांनी पाठवलेले टपाल तेवढे लावले. पुढे अशा प्रदर्शनांचे संकेत ठरून गेले : परीक्षक नाही, प्रवेशशुल्क नाही, आलेले सर्व मांडायचे, काहीही परत पाठवायचे नाही.

हे संकेत वाचताना मला 'साभार परत' हे दोन शब्द आठवतात. मराठीत लिहू पाहणाऱ्या किती तरुणांच्या घरी हे शब्द टपालानेच आले! परीक्षकाच्या खुर्चीवर कोण बसले होते हे निराळे सांगायला नको. 'असो', 'येरू', 'विद्रोह' ही अनियतकालिके या खुर्चीला नकार देतच निघाली. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेले 'अस्मितादर्श' खेड्यापाड्यांतल्या लिहित्या हातांपर्यंत पोचले तेही टपालाने. तेथे संपादक होता, पण तो आपल्यातला होता. तेव्हा टपालाने जोडलेला लिहिणाऱ्यांचा समाज ही कल्पना आपल्याला परकी नाही.

फरक पडतो तो पत्त्यापाशी. टपालकलावंताला पत्ता ही खेळातली सोंगटी असते. तो खोटे नाव घेतो, नसलेल्या संस्थेचा शिक्का मारतो. माझे बालपण बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात गेले. आमच्या पत्रावर नावाखाली 'महारवाडा' लिहावे लागे. पत्र उघडण्याआधी जात उघडी पडे, आणि एवढे लिहूनही ते वस्तीत येत नसे. गावातल्या दुकानात पडून राही. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला गेली की मग तेवढाही पत्ता उरत नसे. मुकादमाच्या नावे, कारखान्याच्या नावे कार्ड जाई. टोळी हलली की तेही चुके.

तरीही या माणसांनी कार्डाची एक भाषा घडवली होती. लग्नाच्या पत्राला हळदकुंकू लागे. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तळावर कार्ड आले की ती आधी अंगठ्याने त्याचे कोपरे चाचपी. चारही शाबूत आहेत याची खात्री झाली म्हणजेच ते मला वाचायला देई. कागदाच्या अंगानेच मजकूर सांगायचा, ही टपालकलेची सारी प्रतिज्ञा त्या फाटक्या कोपऱ्यात होती. मात्र तिला कोणी कला म्हटले नाही. १९७३ साली जॉन्सनने आपल्या शाळेचा मृत्यू जाहीर करणारे पत्र 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मृत्युवार्ता विभागाला धाडले. विनोद म्हणून तो उत्तम आहे. पण कोपरा चाचपणाऱ्या अंगठ्याला तो विनोद कळला नसता.

म्हणून टपालकला खोटी ठरते काय? नाही. उरुग्वेमध्ये लष्करी राजवटीने क्लेमेंते पादिन या टपालकलावंताला १९७७ साली तुरुंगात टाकले. त्याच्या सुटकेसाठी देशोदेशीच्या टपालकलावंतांनी मोहीम उघडली. अर्जेंटिनाच्या एदगार्दो आंतोनियो विगोचा मुलगा १९७६ साली नाहीसा केला गेला. त्यानंतर या बापाने मुलाच्या सुटकेची मागणी करणारी तिकिटे काढून ती टपालाने जगभर धाडली. खोटे तिकीट येथे खऱ्या सत्तेला जाब विचारते. खेळ आणि विद्रोह यांचे वैर नाही, हे यावरून दिसते.

आपल्या समीक्षेने मात्र दलित लेखकाकडून केवळ वेदना मागितली आणि त्याचे हसणे-खेळणे गौण ठरवले. आंबेडकरी जलशांनी सोंग, बतावणी आणि विनोद यांतूनच प्रस्थापितांची खोड काढली होती, याचा आपल्याला विसर पडला. खेळणे हाही माणूसपणाचा हक्क आहे, आणि तो हक्क आपल्याला शेवटी मिळावा असे काही नाही.

टपालकलेचे आपण अनुकरण करावे, असे मी म्हणत नाही. आपण तिला आपला निकष लावावा : या खेळात उतरणाऱ्याला स्वतःचा पत्ता निर्भयपणे लिहिता येतो काय? जेथे तो येत नाही, तेथे 'परीक्षक नाही' ही घोषणा अपुरी आहे, कारण परीक्षक आधीच पत्त्यात बसलेला असतो. त्याचबरोबर, आजीने चाचपलेल्या त्या कोपऱ्याला कलेच्या इतिहासात जागा मागणे हेही आपल्याच समीक्षेचे काम आहे. ते दुसरे कोणी करणार नाही.