नांव आणि किंमत

छायाचित्रकलेच्या एका विद्यार्थिनीनें गेल्या महिन्यांत आपल्या चित्रांचा संच मला पाहावयास आणून दिला. अभ्यासक्रमाच्या अखेरीस असा संच, ज्याला हल्लीं सर्वत्र पोर्टफोलिओ म्हणतात, प्रथम परीक्षकांपुढें आणि मग गिऱ्हाइकांपुढें मांडावा लागतो. संचांत ४६ चित्रें होतीं. एकाहि चित्राखालीं तिचें नांव नव्हतें, आणि किमतीसाठीं राखलेला रकाना रिकामा होता. ‘सर, चित्रें कशीं आहेत तें सांगा, आणि किंमत काय लावूं तेंहि सांगा,’ असें ती म्हणाली. पहिला प्रश्न टीकाकाराचा आणि दुसरा व्यापाऱ्याचा, असें समजून मीं दुसऱ्यास बगल दिली. पुढें विचार करतां हे दोन प्रश्न मुळांत एकच आहेत असें मला वाटूं लागलें. म्हणून हा लेख.

प्रथम चित्रांविषयीं. निम्म्याहून अधिक चित्रें पंढरीच्या वारीचीं होतीं: भगव्या पताका, डोईवरच्या तुळशी, पावसांत भिजलेले सुरकुतलेले चेहरे. छायाप्रकाशाची जाण त्यांत आहे, यंत्रावर हुकमतहि आहे. परंतु तीं आपण पूर्वीं कोठें तरी पाहिलीं आहेत असें सारखें वाटत राहतें. या मुलीनें वारी पाहिलीच नाहीं. वारीचीं चित्रें पाहिलीं आणि तींच पुन्हां काढलीं. उलट संचाच्या शेवटीं, जणूं जागा भरण्यासाठीं, तिच्या आईच्या खानावळीचीं ९ चित्रें होतीं. पहांटे ओट्यावर ओळीनें मांडलेले, झांकणांवर आंकडे रंगविलेले रिकामे डबे. परातींतील कणकेचा गोळा आणि मनगटापर्यंत पीठ माखलेला हात. सर्व डबे गेल्यावर भिंतीला टेकून बसलेली आई आणि तिच्यासमोर उरलेली एकच पोळी. या चित्रांत खिडकीचा उजेड पोळीवर पडला आहे आणि चेहरा अर्धा अंधारांत राहिला आहे. दुसऱ्या कोणीहि तो चेहरा उजेडांत आणला असता. मुलीनें तो तसाच राहूं दिला. कारण त्या घटकेस आईला कोणाच्या नजरेस पडावयाचें नसतें, हें तिला ठाऊक होतें.

हीं ९ आणि वारीपैकीं फार तर ३ चित्रें ठेवावीं, बाकीचीं काढून टाकावीं, असें मीं सुचविलें. तिचा चेहरा उतरला. ‘घरचीं चित्रें कोण विकत घेईल?’ असें तिनें विचारलें.

ही धास्ती नवी नाहीं. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स याचा सिएरा नेवाडा पर्वताविषयींचा पहिला संच १९२७ सालीं, त्याच्या वयाच्या पंचविशींत, सॅन फ्रान्सिस्को येथें निघाला. अल्बर्ट बेंडर या रसिक धनिकानें त्यास पाठबळ दिलें. १८ चित्रांच्या संचाची किंमत ५० डॉलर ठरली. म्हणजे दर चित्रास तीन डॉलरहि पडले नाहींत. त्यांतील ‘हाफ डोम’ कड्याचें चित्र आज जगप्रसिद्ध आहे. तें घेण्याच्या वेळीं ॲडम्सजवळ काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यानें पिवळ्या फिल्टरमधून घेतली. परंतु कड्याचें जें उग्र रूप त्याच्या मनांत होतें तें तींत उतरणार नाहीं असें वाटून शेवटची प्लेट त्यानें तांबड्या फिल्टरमधून घेतली आणि आकाश जवळजवळ काळें करून टाकलें. एवढा निश्चय ज्या चित्रांत आहे, त्यांना छायाचित्रें म्हणण्याचें धैर्य मात्र झालें नाहीं. छायाचित्रांस गिऱ्हाईक मिळणार नाहीं या भीतीनें प्रकाशिकेनें ‘पार्मेलियन प्रिंट्स’ असा एक निरर्थक शब्द बनविला. ॲडम्सनें तो चालवून घेतला, आणि पुढें त्याची खंत बाळगली.

आपल्याकडील होमाई व्यारावाला यांची गोष्ट याहून बोलकी आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें त्या शिकल्या. त्यांचीं आरंभींचीं चित्रें ‘बॉम्बे क्रॉनिकल’नें दर चित्रास एक रुपया देऊन छापलीं, परंतु तीं प्रसिद्ध होत त्यांचे पति माणेकशा यांच्या नांवानें. २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें, तरी त्या आरंभाचा बोध पुसला जात नाहीं. ॲडम्सच्या संचांत कलेचें नांव झांकलें गेलें. व्यारावालांच्या बाबतींत कलावतीचें. किंमत दोघांसहि मिळाली, ती नांव गमावून.

मग मीं त्या मुलीस विचारलें, ‘आई डब्याचा दर कसा ठरविते?’ तें तिला तोंडपाठ होतें: पीठ, तेल, भाजी, गॅस, हातांचे श्रम, आणि सुट्टीत गिऱ्हाइकें गांवीं गेल्यावर रिकामे जाणारे दिवस. छायाचित्राचा हिशेबहि असाच मांडावा: कागद, छपाई, प्रवास, यंत्राची झीज, निवडींत गेलेला काळ, आणि टाकून दिलेल्या चौतीस चित्रांचा भार. भेद एवढाच, कीं डबा एकदां खाल्ला म्हणजे संपतो. चित्र पुनःपुन्हां छापतां येतें. म्हणून प्रत विकणें एक आणि छापण्याची मुभा देणें दुसरें. दोहोंचा दर निरनिराळा असावा. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतलें तर, उलट करार नसल्यास, त्या चित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः तो काढविणाराच होतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेख लागतो, आणि त्यांत मुदत न घातल्यास ती ५ वर्षें धरली जाते. मात्र हक्क दिल्यावरहि ‘हें चित्र माझें’ असें म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. चित्र विकतां येतें. नांव त्याबरोबर जात नाहीं.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका स्मरणिकेचें संपादन माझ्याकडे होतें. तींत एका विद्यार्थ्याचीं छायाचित्रें मीं छापलीं. लेखकांस मानधन दिलें, छापखान्याचें बिल चुकतें केलें. त्या मुलास मात्र ‘तुला प्रसिद्धि मिळेल’ एवढेंच सांगितलें. पुढें मुद्रितें तपासतांना त्याचें नांव गळलें, तेंहि माझ्या ध्यानांत आलें नाहीं. भेटला तेव्हां त्यानें पैशाचा विषय काढला नाहीं. ‘सर, नांव राहिलें,’ एवढेंच तो म्हणाला. ज्या वस्तूस आपण किंमत देत नाहीं तिच्याकडे आपण नीट पाहतहि नाहीं, हें मला त्या दिवशीं कळावयास हवें होतें.

निवड करणें म्हणजे कोणत्या चित्रामागें आपण उभे राहूं तें ठरविणें. आणि किंमत लावणें म्हणजे तेंच दुसऱ्यास स्पष्ट सांगणें. ज्याला आपलें कोणतें चित्र टाकावें हें कळत नाहीं, त्याला राहिलेल्यांचा दर सांगतांना संकोच वाटणारच. म्हणून शिक्षकानें वा टीकाकारानें किमतीचा आंकडा सांगूं नये. तो विद्यार्थ्यास सांगतां येईल इतकी त्याची निवड पक्की करून घ्यावी.

परवां ती मुलगी पुन्हां आली. संचांत १२ चित्रें होतीं, प्रत्येकाखालीं तिचें नांव होतें आणि रकाना भरलेला होता. उरलेल्या पोळीच्या चित्राची एक प्रत मीं मागितली. तिनें किंमत सांगितली. सूट मागण्याचा मोह मला झाला. तो आवरून मीं पैसे पुढें केले. तिनें ते मोजून घेतले आणि पावती लिहून दिली.