अनुकंपेचा ‘क’ : विनोदकुमार शुक्ल यांच्या तीन कादंबऱ्या

जुने कागद, शिलालेख व वंशावळी यांस वाहिलेल्या या त्रैमासिकांत हिंदी कादंबऱ्यांचा विचार करणें म्हणजे थोडें आगंतुकपण पत्करणें आहे, हें मी जाणून आहें. परंतु मंडळाच्या एका स्नेही सभासदांनीं ‘नौकर की कमीज़’ हें पुस्तक माझ्या हातीं देतांना, “ही कादंबरी नव्हे, एका कारकुनाचें दफ्तर आहे,” असें म्हटलें. आणि पुस्तक वाचून झाल्यावर तें बोलणें मला अर्धें खरें वाटलें. उरलेल्या अर्ध्यासाठीं हा लेख आहे.

विनोदकुमार शुक्ल यांचा जन्म १ जानेवारी १९३७ रोजीं राजनांदगांव येथें झाला. नांदगांव हें तेव्हां बैरागी महंतांचें संस्थान होतें. छत्तीसगड प्रांत नागपूरकर भोसल्यांकडे होता व बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहून तेथील कारभार पाहत, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. त्या प्रांताचे मोडी कागद ज्यांनीं हाताळले असतील, त्यांस या कादंबऱ्यांतील भूमि अगदींच परकी वाटूं नये. दुसरा दुवा अधिक जवळचा आहे. मराठी घरांत जन्मलेले हिंदी कवि गजानन माधव मुक्तिबोध १९५८ सालीं राजनांदगांवच्या दिग्विजय महाविद्यालयांत अध्यापक होऊन आले, आणि तरुण शुक्लांच्या कवितांकडे प्रथम ज्यांचें लक्ष गेलें त्यांत ते होते. शुक्ल यांनीं पुढें रायपूर येथें कृषिशिक्षणाच्या क्षेत्रांत अध्यापन केलें. त्यांच्या ज्या तीन कादंबऱ्यांचा येथें विचार करावयाचा आहे त्या अशा : ‘नौकर की कमीज़’ (१९७९), ‘खिलेगा तो देखेंगे’ (१९९६) व ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ (१९९७). शेवटच्या कादंबरीस १९९९ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, व २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कारहि शुक्ल यांस जाहीर झाला. चरित्र एवढें पुरे.

आपल्या दफ्तरांत सामान्य मनुष्य केव्हां दिसतो? त्याच्याकडे बाकी निघाली म्हणजे, त्यानें बांध कोरला म्हणजे, त्याची भाऊबंदकी गोतापुढें आली म्हणजे, किंवा तो परागंदा झाला म्हणजे. महजर, निवाडपत्रें, जमाखर्च, तगादे यांतून त्याचें नांव क्षणभर वर येतें आणि पुन्हां बुडतें. ज्या वर्षीं त्याच्या घरीं कांहींच घडलें नाहीं, त्या वर्षाचा कागद नाहीं. चाळीस वर्षें कारभारांत लेखणी चालविणाऱ्या कारकुनाचें अक्षर आपण ओळखतों, त्याच्या मोडीचें वळण पाहून कागदाचा काळ सांगतों. परंतु त्याच्या घराचें छपर गळत होतें कीं नाहीं हें आपणांस कोणी सांगत नाहीं.

ज्याचें आयुष्य संस्कृत व्याकरण शिकविण्यांत गेलें, त्याला अशा वेळीं अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांतील तिसरा पाद आठवला तर नवल नाहीं. तेथें पाणिनीनें ‘क’ हा एक लहानसा प्रत्यय सांगितला आहे. कोणाचा कोण हें ठाऊक नाहीं अशा अज्ञाताला तो लागतो. जो निंद्य त्यालाहि लागतो. ज्याची कींव यावी त्यालाहि, आणि जें अल्प किंवा ऱ्हस्व त्यालाहि. ‘अश्वक’ म्हणजे कोणाचा कोण जाणे असा घोडा, आणि ‘अश्वक’ म्हणजेच भिकार घोडा. ‘पुत्रक’ म्हणजे बिचारें पोर. वर्गांत हीं सूत्रें शिकवितांना मुलें हंसत आणि मीहि हंसत असें. अज्ञान, तिरस्कार, करुणा आणि लहानपण हीं चारी एका अक्षरावर भागवितां येतात, ही गोष्ट हंसण्यासारखी नाहीं हें फार उशीरां लक्षांत आलें.

सामान्य माणसांविषयीं हळुवारपणें लिहिणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांच्यांतील बहुतेकांच्या हातून हाच ‘क’ लागतो. साहेबानें तिरस्कारानें लावलेला प्रत्यय ते काढीत नाहींत. त्याचा अर्थ मात्र अनुकंपेचा करतात. मनुष्य लहान असतो तो लहानच राहतो. आपल्याकडील चिं. वि. जोशी यांचा चिमणराव घ्या. त्याच्यावर आपलें प्रेम आहे यांत संशय नाहीं. पण त्याला पाहून हंसतांना आपण त्याच्याहून एक पायरी वर उभे असतों. शुक्ल यांच्या उत्तम पानांत हा ‘क’ नाहीं. माझ्या मतें त्यांची थोरवी एवढ्यांतच आहे, आणि जेथें तो नकळत परत येतो तेथें त्यांचें लेखन उणें पडतें.

‘नौकर की कमीज़’ मधील निवेदक संतू बाबू हा एका सरकारी कचेरींतील कारकून. कचेरीचे साहेब, त्यांच्या खालीं बडे बाबू, त्यांच्या खालीं इतर बाबू, अशी उतरंड आहे. साहेबांच्या बंगल्यावर नोकरासाठीं जाड्याभरड्या कापडाचा एक सदरा शिवून ठेवलेला आहे. हा सदरा कोणा मनुष्याचें माप घेऊन शिवलेला नाहीं. आदर्श नोकर कसा असावा हें आधीं ठरलें, त्याप्रमाणें सदरा झाला, आणि आतां त्या सदऱ्याच्या मापाचा मनुष्य शोधावयाचा आहे. एके दिवशीं तो संतू बाबूच्या अंगावर बळजबरीनें चढविला जातो, आणि तो त्याला नेमका बसतो. या नेमकें बसण्यांत साऱ्या पुस्तकाचें भय सांठलेलें आहे. तो आंखूड झाला असता, कांखेंत फाटला असता, तर संतू बाबू सुटला असता.

आमच्या अभ्यासांतील लोकांनीं हा प्रसंग शिरपावाच्या शेजारीं ठेवून पाहावा. पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याहून येत. तीं अंगावर पडल्याखेरीज पद सिद्ध होत नसे. आणि वस्त्र घेणारा देणाऱ्याचा होतो हें दोघांसहि ठाऊक असे. त्या मानाच्या वस्त्रांच्या याद्या आपण कापडाच्या जातीसह छापल्या आहेत. त्याच व्यवहाराचें उलटें टोंक हा सदरा आहे. येथें कोणी मुजरा करीत नाहीं, दरबार भरत नाहीं, कागद होत नाहीं. पण वस्त्र अंगावर चढतांच पद सिद्ध होतें. शेवटीं त्या सदऱ्याचें काय होतें तें वाचकांनीं पुस्तकांतच पाहावें.

या गोष्टीला समांतर अशी दुसरी गोष्ट संतू बाबूच्या घरीं चालू आहे, आणि मला ती पहिलीहून अधिक लागली. घर भाड्याचें, मालक डॉक्टर. पावसाळ्यांत छपर गळतें. डॉक्टरांच्या घरीं स्वयंपाकाला हातभार लावण्यासाठीं संतू बाबूची पत्नी जाऊं लागते. प्रथम शेजारधर्म म्हणून, मग संवय म्हणून, मग वाट पाहिली जाते म्हणून. कोणी हुकूम केलेला नाहीं. वेठबिगारीचे कागद आपण वाचलेले आहेत. त्यांत वेठ घेणारा असतो, वेठेचा दिवस असतो, क्वचित् वेठ माफ झाल्याची नोंद असते. येथें माफी तरी कोणाकडे मागावी? नवऱ्याच्या अंगावर सदरा एका दिवसांत चढला. बायकोचा सदरा असा एक एक टांका घालून तिच्या अंगावरच शिवला जात आहे, आणि तिला तो दिसत नाहीं. ग्रंथकर्ता यावर एक शब्दहि टीकेचा लिहीत नाहीं. स्वयंपाकघरांत ती काय करते, परत केव्हां येते, आल्यावर काय बोलते, एवढेंच सांगतो. वाचणाऱ्याचा मात्र जीव कासावीस होतो.

हें साधतें कसें? शुक्ल यांचें वाक्य लहान, शब्द बाजारांतले. एक साधी गोष्ट सांगावयाची, तिच्यापासून निघणारी दुसरी तितकीच साधी गोष्ट सांगावयाची, आणि असें करीत दहाव्या वाक्याला आपण एका अगदीं विलक्षण जागीं येऊन उभे राहतों. पण मध्यें कोठें उडी मारल्याचें आठवत नाहीं. आमच्या साहित्यशास्त्रांत स्वभावोक्तीविषयीं जो जुना वाद आहे तो येथें उपयोगी पडतो. दंडीनें स्वभावोक्तीला अलंकारांत आद्य स्थान दिलें. भामहानें तिचा उल्लेख इतर कोणाचें मत म्हणून केला. कुंतकानें तर तिचें अलंकारत्वच नाकारलें : वस्तूचा स्वभाव हाच जर दागिना ठरला, तर तो घालावयाचा कोणाच्या अंगावर? यावर महिमभट्टाचें उत्तर मला नेहमीं समाधानकारक वाटत आलें आहे. वस्तूचें एक रूप सामान्य असतें, तें सर्वांच्या बोलण्यांत येतें. दुसरें विशिष्ट, तें प्रतिभेलाच दिसतें, आणि स्वभावोक्ति त्या दुसऱ्याची. शुक्ल यांच्या घरांतील बादली, चूल, कुलूप या वस्तु दुसऱ्या रूपानें दिसतात. त्यांना प्रतीकें म्हणणारे टीकाकार आहेत. मला तें पटत नाहीं. बादली ही बादलीच आहे. ती यापूर्वीं कोणी इतका वेळ पाहिली नव्हती, इतकेंच.

‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही तिन्हींत अधिक लाडकी कादंबरी आहे, आणि तिच्याविषयीं मला जपून बोललें पाहिजे. रघुवर प्रसाद हा लहानशा गांवच्या महाविद्यालयांत गणिताचा अध्यापक. सोनसी त्याची नवपरिणीत पत्नी. राहण्यास भाड्याची एकच खोली. त्या खोलीच्या भिंतींत एक खिडकी आहे. नांवांतील क्रियापद पाहावें : खिडकी भिंतींत नुसती ‘असत’ नाहीं, ती तेथें ‘राहते’, जशीं माणसें खोलींत राहतात. खिडकीपलीकडे उतरलें म्हणजे तलाव, झाडें, स्वच्छ केलेल्या पायवाटा आणि चहा करून देणारी एक म्हातारी असें जग लागतें. कामावर जाण्यासाठीं रघुवर प्रसादला टेंपोची वाट पाहावी लागते; पुढें एक साधु त्याला आपल्या हत्तीवरून महाविद्यालयांत पोंचवूं लागतो. गणिताचा अध्यापक हत्तीवरून शिकवावयास येतो, आणि विभागाध्यक्षांना हें फारसें रुचत नाहीं!

हत्तीचीं हीं पानें मीं तीन वेळां वाचलीं. हत्ती पुढें निघून गेल्यावर त्याच्या आकाराची जी रिकामी जागा मागें उरते, तिच्याकडे लेखकाचें सारखें लक्ष आहे. त्रुटित पोथ्या हाताळणाऱ्यांस ही दृष्टि समजावून सांगावी लागणार नाहीं. मधलें पान गेलेलें असलें म्हणजे दोहों बाजूंच्या अक्षरांवरून गेलेल्या अक्षरांची रुंदी आपण मोजतों. जें नाहीं त्याचें माप आहे त्यावरून घेतों. शुक्ल हेंच प्रत्यक्ष व्यवहारांतील माणसांविषयीं करतात. एका खोलींत आईवडील राहावयास आले म्हणजे नवराबायकोला कोणती जागा उरत नाहीं, हें ते इतक्या नेमकेपणानें सांगतात कीं खिडकीपलीकडचा तलाव हा चमत्कार न वाटतां त्या न उरलेल्या जागेचा हिशेब वाटतो.

परंतु येथेंच माझी तक्रारहि सुरू होते. पलीकडची म्हातारी सोनसीला सोन्याचे कडे देते. तलाव, सावली, चहा इथपर्यंत मी निःशंक बरोबर गेलों. सोन्यापाशीं पाऊल अडलें. निर्धन माणसाच्या घरांत सोनें आलें म्हणजे तें कोठें ठेवावयाचें, कोणी पाहिलें तर काय सांगावयाचें, अडल्या दिवशीं मोडावयाचें काय, हे प्रश्न उभे राहतातच. आणि ज्या लेखकानें संतू बाबूच्या गळक्या छपराचा थेंबन् थेंब मोजला, तो येथें ते प्रश्न हलक्या हातानें बाजूला सारतो. आजीबाईच्या गोष्टींत हें चालतें. हें पुस्तक मात्र आजीबाईची गोष्ट नव्हे. सोनसीविषयींहि तसेंच. ती सदा प्रसन्न आहे; तिच्या प्रसन्नतेवर वाचक लुब्ध होतात, मीहि झालों. पण रघुवर प्रसाद हत्तीवरून गेल्यावर त्या एका खोलींतील तिची दुपार कशी जाते हें जाणण्याची मला जितकी इच्छा झाली, तितकी पुरविली गेली नाहीं. संतू बाबूच्या बायकोची दुपार मला ठाऊक आहे. सोनसीला, इतक्या मायेनें कां होईना, अनुकंपेचा ‘क’ लागला आहे असा माझा संशय आहे. ज्यांना ही कादंबरी प्राणप्रिय आहे ते हें मान्य करणार नाहींत. त्यांनीं अवश्य उत्तर लिहावें.

‘खिलेगा तो देखेंगे’ विषयीं थोडक्यांत. एका शाळामास्तराचें कुटुंब निवारा गेल्यामुळें गांवांतील ओसाड पोलिसठाण्यांत राहूं लागतें. ही कल्पना ऐकूनच मीं पुस्तक मोठ्या आशेनें उघडलें होतें, कारण मास्तराला मिळालेलें राहतें घर हा विषय माझ्या ओळखीचा आहे. माणसांना कोंडण्यासाठीं बांधलेल्या जागेंत संसार मांडला जातो, ही पानें उत्तम आहेत. पुढें मात्र वाक्यें आपल्याच खेळांत रमतात. शब्दाच्या पोटांतून शब्द निघत जातो आणि गुरुजी मागें राहतात. चाळीस पानें कमी असतीं तर बरें झालें असतें. तरीहि हें पुस्तक टाकण्यासारखें नाहीं. विशेषतः ज्यांनीं खेड्यांतील शाळा पाहिली आहे त्यांनीं तें वाचावें.

मणि कौल यांनीं ‘नौकर की कमीज़’ वर १९९९ सालीं चित्रपट केला आहे. तो पाहण्यापूर्वीं पुस्तक वाचावें असें माझें सांगणें आहे. तिन्हीं पुस्तकांच्या प्रती मीं मंडळाच्या ग्रंथालयास दिल्या आहेत. हिंदी वाचण्याचा सराव नसलेल्या सभासदांसहि त्या जड जाणार नाहींत. ‘नौकर की कमीज़’ च्या प्रतींत डॉक्टरांच्या स्वयंपाकघराच्या प्रकरणीं समासांत माझ्या पेन्सिलीच्या खुणा राहून गेल्या आहेत. ग्रंथपालांनीं त्या खोडूं नयेत, अशी विनंती आहे.