स्कॉटचे सूत्र आणि नागपूर जंक्शन : एक चिकित्सा

चोवीस तासांत एखाद्या मार्गावरून किती गाड्या जाऊ शकतील, ही संख्या भारतीय रेल्वेत स्कॉटच्या सूत्राने काढण्याची परंपरा आहे. सर्वांत प्रतिकूल खंडातील संथ गाडीचा धावकाळ आणि ब्लॉक-कार्याचा वेळ यांच्या बेरजेने दिवसाच्या 1440 मिनिटांना भागायचे व भागाकाराचे 70 टक्के घ्यायचे, असे हे सूत्र. एकेरी मार्गावर धावकाळ 12 व ब्लॉक-कार्य 5 मिनिटे धरल्यास उत्तर 59 येते. धावकाळ 15 मिनिटे झाल्यास 50. सूत्राची सुबोधता मान्य करूनही त्याच्या मर्यादा तपासणे हे प्रस्तुत टिपणाचे प्रयोजन आहे.

पहिली मर्यादा अर्थनिश्चितीची. 2015 च्या रेल्वेविषयक श्वेतपत्रिकेनुसार अतिव्यस्त मार्गांवरील 247 खंडांपैकी 161 खंडांचा वापर 100 टक्के वा अधिक होता. क्षमतेहून अधिक वापर हा वरकरणी वदतोव्याघात होय. त्याचा उलगडा 70 टक्क्यांच्या गुणकात आहे. 120 टक्के वापर म्हणजे सैद्धांतिक मर्यादेच्या 84 टक्के. या वाढीव गाड्या धावतात त्या देखभालीसाठी व विलंब भरून काढण्यासाठी राखलेल्या 30 टक्क्यांतून. म्हणून शंभरापुढील आकडा कार्यक्षमतेचा नव्हे, उसनवारीचा निदर्शक ठरतो.

दुसरी मर्यादा नागपुरात ठळकपणे जाणवते. हावडा–मुंबई व दिल्ली–चेन्नई हे मार्ग येथे एकत्र येतात; मध्य व दक्षिण पूर्व मध्य या दोन्ही रेल्वेंच्या विभागांचे मुख्यालय येथेच आहे. सूत्र मात्र दोन स्थानकांमधील खंड मोजते. फलाटांची उपलब्धता आणि परस्परांना छेदणारे मार्ग त्याच्या कक्षेत येत नाहीत. छेदनमार्गावरून कोळशाची मालगाडी जात असता आडव्या दिशेची एक्स्प्रेस थांबते. ही प्रतीक्षा खंडाच्या गणितात उमटत नाही.

आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या 406 क्रमांकाच्या पत्रिकेने (2004) वेगळी दिशा दाखविली. प्रत्यक्ष वेळापत्रकातील गाड्या एकमेकींच्या निकट सरकवून मार्ग किती काळ व्यापला जातो, हे ती पद्धत मोजते. मिश्र वाहतुकीसाठी तिची शिफारस गर्दीच्या तासाला 75 व संपूर्ण दिवसाला 60 टक्क्यांची आहे. 2013 च्या दुसऱ्या आवृत्तीत स्थानकांचाही विचार झाला.

वर्धा–नागपूर खंडासाठी तिसरी व चौथी मार्गिका मंजूर झाली आहे. त्यांची आवश्यकता निर्विवाद आहे. तथापि केवळ खंडाची क्षमता वाढली आणि जंक्शनची मोजलीच गेली नाही, तर गाड्या बाह्य सिग्नलपर्यंत लवकर पोहोचतील व तेथेच तिष्ठतील. सारांश, स्कॉटचे सूत्र प्राथमिक अंदाजापुरते ग्राह्य आहे. गुंतवणुकीच्या निर्णयाचा एकमेव आधार म्हणून ते अपुरे आहे.