‘क्रिस्तपुराणा’तील दुःखमीमांसा : पतनकथेची शक्ती आणि मर्यादा

प्रास्ताविक

मनुष्याच्या वाट्याला दुःख का आले, हा प्रश्न प्रत्येक धर्मपरंपरेने आपापल्या परीने विचारला आहे. ख्रिस्ती परंपरेने त्याचे उत्तर प्रथम एका कथेतून दिले. एदेन बागेतील आदिदांपत्याने परमेश्वराची आज्ञा मोडली आणि त्या अवज्ञेबरोबर वेदना, कष्ट व मृत्यू यांचा मनुष्यजीवनात प्रवेश झाला, अशी ही कथा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ती मराठी ओवीत आणली. या ग्रंथाच्या भाषेविषयी व मराठीच्या गौरवाविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. त्यामानाने त्यातील दुःखविचाराची चर्चा कमी झाली आहे. प्रस्तुत लेखात पतनकथा दुःखाचा कितपत उलगडा करते आणि कोठे थांबते, याचा विचार करावयाचा आहे.

ग्रंथाची रचना

स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेजुइट धर्मगुरू. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः सासष्टी भागात राहिले. त्यांच्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वर असून एकूण ओव्या ११,००० च्या आसपास भरतात. पहिल्या पुराणात विश्वोत्पत्ती, पतन आणि पुढे जुन्या करारातील इतिहास येतो; दुसरे पुराण ख्रिस्तचरित्राला वाहिलेले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेले श्रोते प्रश्न विचारतात आणि पाद्री गुरू उत्तर देतात, ही संवादाची चौकट मराठी श्रोत्याच्या पूर्ण परिचयाची होती.

ही विभागणी अर्थपूर्ण आहे. दुःखाचे कारण पहिल्या पुराणात सांगितले जाते, त्याचे निवारण दुसऱ्यात. आणि निवारणाचा भाग कारणापेक्षा मोठा आहे. पतनकथा स्वतंत्रपणे वाचली तर ती शिक्षेची कथा वाटते. ग्रंथाच्या एकूण योजनेत मात्र ती पूर्वरंगाच्या ठिकाणी आहे.

कथेतील दुःखाचे स्वरूप

‘उत्पत्ती’च्या तिसऱ्या अध्यायातील तपशील बारकाईने पाहिला पाहिजे. अवज्ञेनंतरचे पहिले दुःख शारीरिक नाही. प्रथम लज्जा येते, मग लपणे आणि त्यानंतर दोषारोप. पुरुष स्त्रीकडे बोट दाखवतो, स्त्री सर्पाकडे. प्रसूतिवेदना, काटेकुसळे, घाम आणि मातीत परतणे हे सारे त्यानंतर सांगितले जाते. म्हणजे आधी नाते तुटते आणि मग देह दुखतो, असा हा क्रम आहे. श्रम ही पतनाची शिक्षा होय, असा एक रूढ समज आहे. तोही येथे टिकत नाही. बागेची मशागत करण्याचे काम मनुष्याला पतनापूर्वीच दिलेले होते. पतनाने श्रम आले नाहीत, श्रमाला लाभलेली भूमीची साथ गेली.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. या अध्यायात शाप हा शब्द सर्पाला आणि भूमीला उद्देशून येतो. स्त्रीपुरुषांच्या वाट्याला परिणाम येतात, शाप नव्हे. पुराणे ऐकत वाढलेल्या मराठी मनात शापामागोमाग उःशापाची अपेक्षा असते. जय-विजयांना वैकुंठातून खाली यावे लागले, तरी परतीची वाट त्यांना सांगितली गेली होती. स्त्रीची संतती सर्पाचे डोके ठेचील, या ‘उत्पत्ती’तील वचनाला ख्रिस्ती परंपरेने तारणाची पहिली घोषणा मानले आहे. मराठी श्रोत्याच्या दृष्टीने हाच उःशाप होय. स्टीफन्स यांनी वैकुंठ, मोक्ष, देवचार असे शब्द मोकळेपणाने वापरले, ते केवळ सोयीसाठी नव्हेत. त्या शब्दांबरोबर श्रोत्याची अपेक्षाही ग्रंथात आली.

कर्मविचाराशी सामना

तरीही एक अडचण उरते. कर्मसिद्धान्तानुसार प्रत्येक जीव आपल्याच कृत्याचे फळ भोगतो. या जन्मी कारण दिसले नाही तर ते मागील जन्मी शोधावे. तात्त्विकदृष्ट्या तेथे निरपराध दुःखी असा कोणी नसतो. पतनकथा याच्या उलट सांगते. एकाच्या कृत्याचे परिणाम सर्वांवर येतात. आदामाच्या चुकीचे फळ आम्ही का भोगावे, हा प्रश्न कर्मविचारात वाढलेल्या श्रोत्याला अन्यायाचा प्रश्न म्हणून जाणवणे स्वाभाविक आहे.

ख्रिस्ती विचारवंतांनीही हा प्रश्न टाळलेला नाही. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या मते वाईट ही स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे. स्वतंत्र इच्छेच्या दुरुपयोगातून ती उणीव निर्माण झाली आणि आद्य पातकाचा दोष पिढ्यांना लागला. पौर्वात्य चर्चने मात्र दोषाचा वारसा न मानता मर्त्यतेचा वारसा मानला. दुसऱ्या शतकातील आयरेनियस यांना आदिमानव बालकासारखा अपरिपक्व दिसला. त्या दिशेचा आधार घेऊन जॉन हिक यांनी १९६६ मध्ये जगाला आत्म्याच्या घडणीची जागा मानले. मनुष्य अवतरण्यापूर्वीच्या कोट्यवधी वर्षांतही प्राणी मरत होते, याची साक्ष जीवाश्म देतात. म्हणून पतनाकडे मृत्यूचा कालानुक्रमातील आरंभ म्हणून पाहणे आज कठीण झाले आहे. कथेचे सत्य इतिहासापेक्षा मनुष्यस्वभावाच्या निदानात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

या मतभेदांतून एक समान सूत्र हाती लागते. मनुष्य सुटा नाही. तो इतरांच्या कृत्यांत जन्मतो. बापाचे कर्ज, गावाचे वैर, राज्यकर्त्याचे युद्ध हे मूल निवडत नाही, पण भोगते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने एकामुळे पतन आणि एकामुळे तारण अशी जोडी मांडली, ती याच परस्परबद्धतेवर उभी आहे. पहिली बाजू अन्याय्य म्हणून नाकारली, तर दुसरीचाही आधार जातो.

कथेची मर्यादा

पतनकथा दुःख मनुष्यजातीत कसे आले ते सांगते. अमुक माणसालाच ते का आले, याचे उत्तर तिच्यात नाही. ते तिच्याकडून मागणे हा तिचा दुरुपयोग होय. हा भेद बायबलनेच केला आहे. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखामागे त्याचे पाप शोधतात आणि अखेरीस परमेश्वर त्यांनाच दोषी ठरवतो. जन्मांध मनुष्याविषयी शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून दगावलेले १८ जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असेही तो सांगतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या दुःखविषयक पत्रात ईयोबाचा दाखला देऊन, सर्व दुःख शिक्षा नव्हे, हेच प्रतिपादिले.

‘क्रिस्तपुराणा’च्या मूल्यमापनात हा भेद महत्त्वाचा आहे. सासष्टीतील मंदिरे १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रक्तपात झाला होता. अशा प्रदेशातील श्रोत्यांपुढे आदामाच्या अवज्ञेची कथा ठेवली की त्यांचे जवळचे, नाव घेता येण्याजोगे दुःख सर्व मनुष्यजातीच्या दुःखात विरून जाते. पतनकथेचा आवाका हेच तिचे बळ आहे. पण तोच आवाका सत्तेने दिलेल्या दुःखावर पडदाही टाकू शकतो. स्टीफन्स यांची करुणा निःसंशय आहे. तथापि त्यांचा ग्रंथ ज्या राजवटीच्या छायेत उभा राहिला, तिच्याविषयीचा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे.

समारोप

“मागल्या जन्मी काय पाप केले होते कोण जाणे” हे वाक्य आपल्या घरांत सहज उच्चारले जाते. ‘देवाने शिक्षा केली’ हे त्याचेच ख्रिस्ती रूप होय. दोन्ही वाक्ये दुःखिताच्या ओझ्यावर दोषाचे ओझे ठेवतात. पतनकथा नीट वाचली तर ती याला आधार देत नाही. दोष सर्वांचा आहे असे सांगून ती एकट्यावरचे बोट काढून घेते.

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळात गेले. पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. कोणाच्या पापाने दुष्काळ पडला, या प्रश्नाने त्यांची पावले अडली नाहीत. ‘क्रिस्तपुराणा’चे पहिले पुराण दुसऱ्याशिवाय अपुरे आहे, असे वर म्हटले. त्याचा जीवनातील अर्थ हाच की दुःखाची उपपत्ती दुःखिताकडे जाण्याच्या वाटेवर आणून सोडते. पुढे जावे लागते ते आपल्याला.